आठ महिने दरमहा पैसे देतोय, तरी त्या घरात काहीच बदललेलं दिसत नाही, असं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही खेड्यातल्या एका ओढगस्तीच्या कुटुंबाला आठ महिन्यांपासून दर महिन्याला ठराविक रक्कम पाठवताय, मध्ये एकदा स्वतः जाऊन आलात तर घर तसंच, छप्पर तसंच, नवीन दिसला तो फक्त एक मोबाईल. आणि आता डोक्यात तीन गोष्टी घोळतायत, पैसे उडवले जातायत का, आपण त्यांना आळशी करतोय का, आणि दरमहा देण्यापेक्षा सगळं एकदम हातात ठेवलं असतं तर काहीतरी उभं तरी राहिलं असतं का.

मी गेली सतरा-अठरा वर्षं हेच काम करते, म्हणजे गरीब घरांना थेट रोख रक्कम द्यायचे कार्यक्रम चालवणं आणि मग त्या घरांत बसून पैसा कुठून आला, कुठे गेला हे वहीत उतरवणं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चालवून घ्या.

आधी एक सांगते, तुमचा खरा प्रश्न पैशाचा नाहीये, तुम्ही बघताय कुठे याचा आहे. आपण देणारे लोक घरात शिरलो की नवीन काय आलंय ते शोधतो. पण नेमाने येणाऱ्या छोट्या रकमेने घरात काही येण्याआधी घरातून जाणाऱ्या गोष्टी थांबतात, आणि थांबलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, फोटोत तर नाहीच नाही.

मी स्वतः यात फसलेली आहे. सुरुवातीच्या काळातली गोष्ट, एक बाई, तिची सासू, तीन मुलं, नवरा वर्षातले निम्मे महिने बाहेरगावी मजुरीला. सहा महिने पैसे मिळाल्यावर मी फॉर्म भरायला गेले, नवीन वस्तू काही नाही, जनावर नवीन नाही, शिल्लक काही नाही, मी आपलं सरळ 'बदल नाही' असं लिहून मोकळी झाले. आमच्यातली एक जुनी कार्यकर्ती होती, तिने तो फॉर्म परत पाठवला आणि म्हणाली की गेल्या वर्षीचे हेच महिने विचारून ये. मग कळलं. गेल्या वर्षी पिकाच्या आधीच्या दोन महिन्यांत तिने गाभण शेळी मिळेल त्या भावात विकली होती, पुढच्या हंगामाच्या मजुरीवर उचल घेतली होती आणि ती फेडायला निम्म्या मजुरीत राबली होती, आणि मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळायला म्हणून शाळेतून घरी बसवली होती. या वर्षी यातलं एकही झालं नव्हतं. आमच्या फॉर्मवर यासाठी रकानाच नव्हता! आम्ही 'काय घेतलं' विचारत होतो, 'काय विकावं लागलं नाही' हे कुणी विचारतच नव्हतं.

हे असं का होतं ते नीट सांगते कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. खेड्यातल्या गरीब घराची अडचण फक्त उत्पन्न कमी असण्याची नसते, ते उत्पन्न वर्षातून दोन-तीनदा ढेकळासारखं येतं आणि खर्च मात्र रोजचा असतो. मधल्या महिन्यांत एक ताप, एक पाय मोडलेला बैल, एक फी, काहीही आलं की ते भागवायला घर जे करतं ते फार महागात पडतं. स्वस्तात विकायचं आणि नंतर महागात परत घ्यायचं, कापणीच्या वेळचं धान्य पडत्या भावात काढून टाकायचं, सावकाराकडून उचलायचं. म्हणजे गरिबीचा एक मोठा भाग हा पैसे चुकीच्या महिन्यात नसण्याचा दंड असतो. दर महिन्याला येणारी रक्कम छोटी असली तरी ती नेमकी त्या दंडावर काम करते. आणि डोक्यावरही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तीच माणसं ऊस निघायच्या आधी, तंगीत असताना, आणि नंतर पैसे हातात आल्यावर अशी दोनदा तपासली, तर विचारशक्तीच्या चाचण्यांत आधीची कामगिरी कमी भरली. त्या निष्कर्षांवर पुढे वादही झाले, पण ज्याने तंगीच्या महिन्यात कुणाच्या ओट्यावर बसून हिशोब लिहिलाय त्याला त्यात नवल वाटणार नाही. समोरचा माणूस तुमच्याशी बोलत असतो आणि मनात एकच आकडा फिरत असतो.

आता आठ महिन्यांत काय दिसायला हवं होतं? इथे मला 'परिस्थितीवर अवलंबून आहे' म्हणावंच लागेल आणि ते टाळाटाळ म्हणून नाही. जुनं कर्ज किती आहे, खाणारी तोंडं किती, घरात कुणी कायमचं आजारी आहे का, आणि तुमची रक्कम त्यांच्या महिन्याच्या खर्चाच्या किती भाग आहे, दहावा हिस्सा की तिसरा, यावर सगळं आहे. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही. पण मी ज्या घरांच्या वह्या लिहिल्यात त्यात साधारण क्रम असा दिसतो की आधी ताट भरतं, म्हणजे दोन वेळचं नीट खाणं, मग दुकानाची उधारी उतरते, मग जास्त व्याजाचं कर्ज, मग कुठे कोंबड्या-शेळ्या, आणि छप्पर वगैरे त्याच्याही नंतर. कर्ज मोठं असेल तर पहिलं वर्ष नुसतं वर यायलाच जातं, आणि पाण्याखालून वर येणारा माणूस काठावरून बघणाऱ्याला दिसत नाही.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे मध्य प्रदेशातला प्रयोग. 'सेवा' या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ च्या सुमारास इंदूर भागातल्या आठ गावांत सगळ्यांनाच, कुठलीही अट न घालता, दरमहा पैसे दिले. सुरुवातीला मोठ्या माणसाला २०० रुपये आणि मुलामागे १००, वर्षभराने ३०० आणि १५०. एका आदिवासी गावातही तसंच केलं. मला तो प्रयोग आवडतो तो रक्कम इतकी छोटी होती म्हणूनच. तेवढ्यात कुणाचं आयुष्य पालटेल असं कुणाला वाटणार नाही, पण ज्या गावांत पैसे दिले नव्हते त्यांच्याशी तुलना केल्यावर कर्जं कमी झालेली दिसली, जनावरं वाढलेली दिसली, लहान मुलांची वजनं सुधारलेली दिसली, विशेषतः मुलींची, आणि लोक दुसऱ्याच्या मजुरीवरून थोडे स्वतःच्या शेताकडे सरकले.

यावरूनच तुमच्या आळशीपणाच्या शंकेकडे येते. ही शंका मला प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच आणि विचारणारा बहुतेक वेळा स्वतः पगारदार असतो, असो. सहा देशांतल्या सात सरकारी रोख योजनांचे प्रयोग एकत्र करून अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं (मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, मोरोक्को, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स), तर लोकांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा कुठेच मिळाला नाही. मी बघितलंय ते असं की माणसं काम सोडत नाहीत, सगळ्यात वाईट काम सोडतात. उचल घेऊन केलेलं, निम्म्या मजुरीचं, बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी जावं लागणारं. मग गावातला मोठा शेतकरी म्हणतो की फुकटच्या पैशांनी लोक माजले, आता मजूर मिळत नाहीत. मजूर मिळतात हो, जुन्या भावात मिळत नाहीत.

दारूचं पण बोलून टाकू कारण तुम्ही 'उडवले जातायत' असं मोघम लिहिलंय पण मनात बहुधा तेच आहे. दारू-तंबाखूवरच्या खर्चाबद्दलचे १९ अभ्यास जागतिक बँकेतल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये एकत्र तपासले होते, रोख मदतीने तो खर्च वाढतो असं एकंदरीत दिसलं नाही. माझा अनुभवही तोच पण एका टीपेसकट. ज्या घरात आधीपासून दारू आहे तिथे तुमच्या पैशातला काही वाटा तिकडे जाणार, ते कुठल्या चमत्काराने थांबणार नाही. मात्र पैसे यायला लागले म्हणून दारू सुरू झाली, अशी घरं मला इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. 'मग बाईच्याच हातात द्या' हा सल्लाही सगळे देतात, मी सरसकट देत नाही. मेक्सिकोची १९९७ ची प्रोग्रेसा योजना आईच्या हातातच पैसे द्यायची आणि त्याची कारणं चांगली होती, पण केनियातल्या एका प्रयोगात चिठ्ठ्या टाकून काही घरांत नवऱ्याला आणि काही घरांत बायकोला पैसे दिले तेव्हा खर्चाच्या पद्धतीत फारसा फरक पडला नाही. घर बघून ठरवा. आणि बाईच्या नावावर दिले तर ती मागितल्यावर 'नाही' म्हणू शकते का हेही बघा, नाहीतर तुम्ही तिच्या डोक्यावर एक भांडण ठेवलंत एवढंच होईल.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर घर तसंच दिसतंय यावरून पैसे वाया गेले असं ठरत नाही, आणि सत्कारणी लागले असंही ठरत नाही. ते कळायला वेगळा प्रश्न विचारावा लागतो, त्याकडे शेवटी येते.

आता दरमहा की एकदम. यावर केनियात चांगलं काम झालंय. गिव्हडायरेक्टली नावाची संस्था तिथल्या खेड्यांत लोकांना मोबाईलवरून थेट पैसे देते, त्यांच्या सुरुवातीच्या एका अभ्यासात (२०१६ मध्ये प्रसिद्ध झाला) काही घरांना हप्त्यांनी आणि काहींना एकरकमी दिले होते. हप्तेवाल्यांच्या घरी खाण्याची ददात जास्त कमी झाली, एकरकमीवाल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. म्हणजे छप्पर बघायचं असेल तर एकदम द्या आणि ताट बघायचं असेल तर दरमहा, असं ढोबळ म्हणता येईल, आणि बरेच लोक इथेच थांबतात.

पण पुढचा प्रयोग जास्त बोलका आहे. त्यात काही गावांतल्या प्रौढांना दिवसाला साधारण पाऊण डॉलर या हिशोबाने दरमहा, तब्बल १२ वर्षं देण्याचं कबूल केलं, काही गावांत तेवढेच दरमहा पण फक्त २ वर्षं, आणि काही गावांत २ वर्षांची बेरीज एकदम. दोन वर्षांनंतर बघितलं तेव्हा पहिल्या दोन गटांच्या हातात तोवर सारखेच पैसे पडले होते, अगदी तेवढेच, आणि तरी १२ वर्षांचा शब्द मिळालेल्यांनी छोटे धंदे जास्त सुरू केले होते, जवळजवळ एकरकमीवाल्यांच्या बरोबरीने, आणि २ वर्षंवाले त्यात मागे होते. फरक कशाचा? पुढचं माहीत असण्याचा. लांबच्या मुदतीवाल्यांनी काय केलं तर आपसात भिश्या लावल्या, दर महिन्याचं थोडं थोडं एकत्र करून पाळीपाळीने एकेकाला मोठी रक्कम. म्हणजे एकरकमी त्यांनी स्वतःच तयार करून घेतली, कारण भिशीत उतरायला पुढच्या महिन्यांची खात्री लागते आणि ती त्यांच्याकडे होती.

आणि म्हणून मला तुम्हाला विचारायचंय, तुम्ही त्या कुटुंबाला सांगितलंय का की किती दिवस देणार आहात? प्रश्नात कुठे उल्लेख नाही आणि माझा अंदाज आहे की नसेल सांगितलं. बहुतेक जण 'जमेल तोवर देऊ' असं मनाशी ठरवतात, मनात खोट नसते, पण त्या घराच्या बाजूने बघा, पुढच्या महिन्यात येतील की नाही हे ज्या पैशाबद्दल माहीत नाही तो पैसा ते फक्त खाऊ शकतात. त्याच्या भरवशावर भिशी नाही लावता येत, शेळी नाही घेता येत कारण तिला सहा महिने सांभाळायचं कशावर, सावकाराला 'आता नको' म्हणता येत नाही कारण उद्या परत त्याच्याच दारात जायची वेळ आली तर.

तारखेचंही तसंच. मी ज्या एका कार्यक्रमात होते तिथे कागदपत्रांच्या घोळात सलग दोन हप्ते सात आठवडे लांबले. आमच्या लेखी तो उशीर होता, सगळे पैसे शेवटी पोचलेच. पण लोकांनी त्या तारखेवर विसंबून खत उधारीवर उचललं होतं, व्याज चढलं, दोन घरांनी मोडीत भांडी काढली. मी चौकशीला गेले तेव्हा एका बाईने मला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "पैसे उशिरा द्यायचे तर द्या, पण मग तारीख सांगायला नको होती." तेव्हापासून मी रक्कम वाढवायच्या आधी तारीख पक्की करते. थोडी कमी रक्कम पण ठरल्या दिवशी, हे जास्त उपयोगाचं.

शेवट कसा करायचा हेही आत्ताच ठरवायला हवं. मलावीत झोम्बा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींच्या घरांना दोन वर्षं दरमहा पैसे दिले होते, ज्यांना शाळेची अट नव्हती त्या गटात लवकर होणारी लग्नं आणि गर्भारपणं पैसे चालू असेपर्यंत बरीच कमी राहिली, आणि पैसे थांबल्यावर तो परिणाम विरून गेला. हा कुणाचा दोष म्हणून सांगत नाहीये. रोख पैसा वेळ विकत घेऊन देतो, पण त्या वेळात पुढचा आधार उभा राहिला नाही तर घर जिथे होतं तिथे परत जातं. आणि काही गोष्टी पैशाने होतच नाहीत, शाळेत शिक्षकच नसेल, दवाखाना दिवसभराच्या वाटेवर असेल तर तुमची रक्कम तिथे थिटीच पडणार, त्याचं खापर त्या कुटुंबावर फोडू नका.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचं थोडक्यात. पैसे वाटल्याने गावात महागाई होते का, यावर केनियातच ६५३ गावांत मोठा अभ्यास झाला, १०,५०० च्या वर घरांना पैसे दिले, तर भाव जवळपास हलले नाहीत आणि एका डॉलरमागे त्या भागात अडीच डॉलरच्या आसपास उलाढाल वाढली. उलट फिलिपिन्समधल्या दूरदूरच्या गावांत अंड्यांसारख्या गोष्टी महागल्या आणि ज्यांना मदत नव्हती त्यांच्या मुलांना त्याची झळ बसली. तुमचं एकच कुटुंब आहे त्यामुळे भावाची चिंता नाही, पण हेव्याची आहे. एका घराला दरमहा पैसे येतात हे कळलं की नातलग हात पसरतात, उधार मागणारे वाढतात, 'आता तुमचं बरंय' असे टोमणे सुरू होतात, आणि आलेल्यातला एक हिस्सा त्यात जातो. तुम्हाला वाया गेल्यासारखा वाटेल पण त्या घराच्या दृष्टीने ती अडीअडचणीच्या दिवसांसाठीची तजवीज असते. तेवढं फक्त करा, गाजावाजा करू नका आणि घरासमोर उभं करून फोटो तर अजिबात काढू नका.

तुमच्या जागी मी असते तर एकदम द्यायच्या मागे लागले नसते. दरमहाचं चालू ठेवा, पण त्यांना स्पष्ट सांगा की अमुक तारखेला, अमुक महिन्यापर्यंत, आणि जो काळ सांगाल तो तुम्हाला नक्की झेपेल एवढाच सांगा, वाढवायचा झाला तर निदान तीन-चार महिने आधी कळवा. सगळ्यात ओढीचे महिने कुठले ते त्यांनाच विचारा आणि जमलं तर त्या महिन्यांत थोडे जास्त द्या, त्या बदल्यात सुगीच्या महिन्यांत कमी दिले तरी चालतील. वर्षभराने त्यांनीच जर म्हटलं की एक जनावर घ्यायचंय किंवा शिलाई मशीन घ्यायचंय तर त्याला वेगळी रक्कम द्या, पण दरमहाचं बंद करून नको, कारण नवीन धंद्याच्या पहिल्या सहा महिन्यांत घर चालवायला तेच पैसे लागतात आणि ते नसले की जनावर विकलं जातं.

पावत्या मागू नका. हिशोब मागितला की हिशोब मिळतो, खरा मिळेलच असं नाही, मी असे शेकडो सुंदर हिशोब बघितलेत. मोबाईल बद्दलही विचारू नका, तो कामाचा फोन येण्यासाठी घेतला असेल, बाहेरगावी असलेल्या माणसाशी बोलायला घेतला असेल, किंवा पोरांना गाणी बघायला, आणि समजा गाण्यांसाठी घेतला असेल तरी काय बिघडलं. गेलात की गेल्या वर्षीचं विचारा. याच महिन्यांत तेव्हा काय चाललं होतं, कुणाकडून काय उचललं होतं, काय विकलं होतं, कोण शाळेत जात नव्हतं. पहिल्या भेटीत 'सगळं बरं होतं' असंच उत्तर येईल, दुसऱ्या भेटीतही बहुधा तेच. मला आजवर हे खरं कुणी सांगितलं असेल तर ते तिसऱ्या-चौथ्या भेटीत, आणि तेही मी वही पिशवीत टाकून निघायला उठल्यावर.